जाळीवरचा पिवळा थर

आर्णी तालुक्यातल्या एका डेअरीचा गोबरगॅस प्लांट. शंभर जनावरं, रोज टनभर शेण, त्यातून साधारण 40 घनमीटर गॅस आणि त्या गॅसवर चालणारं जनरेटरचं इंजिन. जूनच्या पहिल्या आठवड्यात मालकांचा फोन आला: गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड पकडणाऱ्या फिल्टरच्या टाकीतला लोखंडी कीस दहा दिवसांत दुसऱ्यांदा वाया गेला. एरवी तो तीन महिने चालतो. इंजिनचं ऑइल काळंकुट्ट झालेलं, पिस्टन पिनचं बुश खाल्लेलं. बुशात तांबं असतं आणि हायड्रोजन सल्फाइड, हा सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू, तांब्याला सोडत नाही.

आधी येऊन गेलेल्या मेकॅनिकने कीस भेसळीचा ठरवला होता. गॅस मात्र कोणी मोजला नव्हता. इंजिन खोलायला अख्खा दिवस देणारी माणसं पाच मिनिटांच्या या कामाला का टाळतात, कळत नाही. खिशातला मीटर 100 पीपीएमच्या (गॅसच्या दहा लाख भागांत 100 भाग) पुढे जात नाही, तो माणसाचा जीव सांभाळण्यासाठी. कच्च्या गॅसला काचेची डिटेक्टर ट्यूबच लागते. दोन्ही टोकं फोडायची, बाणाची दिशा बघून हातपंपात बसवायची, एक पूर्ण ओढ घ्यायची आणि तपकिरी रंग कुठवर चढला ते वाचायचं. रंग 2200 वर थांबला. एप्रिलच्या वहीत 180 होते. या इंजिनला 250 च्या आत पाहिजे.

चारा, पेंड, शेण, सगळं तेच. गॅसमध्ये थोडी हवा सोडणारा पंपही चालू होता, हवेचा प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरचा गोळा मिनिटाला 1.4 लिटरवर स्थिर. मग काचेच्या खिडकीतून बॅटरीचा झोत आत टाकला. टाकीवर गॅस धरून ठेवणाऱ्या रबरी पडद्याखालची नायलॉनची जाळी निळीशार दिसत होती, नवी आणल्यासारखी.

मालक समाधानाने म्हणाले, "मे महिन्यात पडदा बदलला ना भाऊ, तवा पोरायनं सारी घान धुऊन काहाडली. प्रेशरच्या पाण्यानं."

ती घाण म्हणजेच सल्फाइड काढणारं यंत्र होतं. जाळीवर, लाकडी तुळयांवर जे जिवाणू वस्ती करतात ते सल्फाइड आणि ऑक्सिजन घेतात आणि गंधक मागे ठेवतात. पिवळट पांढरा थर तो हाच. हिशेब करून पाहा: 40 घनमीटरमध्ये 2000 पीपीएम म्हणजे रोज 80 लिटर सल्फाइड, त्याचं गंधक सुमारे 100 ग्रॅम. कागदावर त्याला 200 लिटर हवा पुरते. आपण 2000 लिटर देतो, म्हणजे गॅसच्या 5 टक्के, कारण सगळा ऑक्सिजन जिवाणूंपर्यंत पोचत नाही. त्याहून बेसुमार दिली तर गंधकावर न थांबता सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि काँक्रीट भुसभुशीत होतं; शिवाय मिथेनमध्ये हवा वाढवत नेणं हा स्फोटाशी खेळ आहे.

असेच सल्फाइडवर जगणारे जिवाणू खोल समुद्रात अख्खं गाव पोसतात. 1977 मध्ये गालापागोसजवळ अडीच हजार मीटर खोलीवर, ऊन कधीच पोचत नाही अशा ठिकाणी, ‘अल्विन’ पाणबुडीला गरम झरे आणि त्यांच्याभोवती जिवांची दाटी सापडली. पुढे तिथल्या नळीकिड्यांचा अभ्यास झाला तर त्यांना ना तोंड ना आतडं. त्यांच्या अंगात गंधकाचे स्फटिक आहेत, हे ऐकताच कॉलीन कॅव्हॅना या विद्यार्थिनीने ओळखलं की आत जिवाणू असणार. 1981 मध्ये ते छापून आलं. तिथेही खूण गंधकाचीच. झऱ्याचं सल्फाइड आणि समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन जिथे भेटतात तिथे त्यांचं पोट भरतं. आपल्या प्लांटमध्ये ती भेट दीड लिटरचा पंप घडवतो.

दुरुस्ती विरजणाची. इंजिन बंद केलं, उरलेला गॅस जाळून टाकला, पडद्याची वाऱ्याकडची कड सैल केली आणि लांबून नळीने तासभर हवा मारली. मीटर 10 च्या खाली येईपर्यंत कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. 100 पीपीएमच्या पुढे नाक बधिर होतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजणारा मरतो. एका तुळईच्या सांध्यात पाण्याचा मार पोचला नव्हता. तिथे तळहाताएवढा थर शिल्लक होता, सुकलेल्या सायीसारखा, वर पिवळा, खाली ओलसर. तो बाहेरूनच लांब दांड्याच्या खुरपीने खरवडला, फडक्याने गाळलेल्या ताज्या स्लरीत, म्हणजे टाकीतल्या शेणाच्या पातळ काल्यात, कालवला आणि फवारणीच्या पंपाने जाळीवर मारला. पंप कोरा घेतला. कपाशीवर औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी या कामाला नको.

आठव्या दिवशी ट्यूब 1500, पंधराव्या दिवशी 640, तेविसाव्या दिवशी 210. तोवर इंजिन बंदच ठेवलं. उत्तरेकडची जाळी अजून निळी आहे. हवेची नळी दक्षिणेला उघडते, तिला आता दुसरं तोंड काढायचं आहे.

पडदा बदलणाऱ्या पोरांना बोल लावता येत नाही. प्लांट ताब्यात देताना मिळालेल्या पुस्तिकेत या थराबद्दल एक ओळ नाही, रंग कोणता लावायचा ते मात्र पानभर आहे. टाकीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतलं: जाळी धुऊ नये. त्याच टोळीने या उन्हाळ्यात आणखी तीन प्लांटचे पडदे बदललेत. दोन मालकांशी बोलणं झालं, दोघांकडे जाळ्या धुतल्या आहेत. तिसऱ्याचा फोन लागत नाही.