हॉल बांधायच्या आधी ऐकून घेतला: माझा अनुभव

नागपुरात सभागृहाचं ड्रॉइंग फायनल होईपर्यंत आवाजाचा विषय सहसा निघतच नाही. निघालाच तर साउंडवाल्याचं उत्तर ठरलेलं: "माइक वाढवून देऊ नं सर." घुमणाऱ्या हॉलमध्ये माइक वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं. म्हणून या कामात प्लास्टरच्या आधीच संगणकावर सिम्युलेशन करून हॉल हेडफोनवर ऐकायचं ठरवलं.

हॉल 18 मीटर लांब, 12 रुंद, 4.5 उंच, म्हणजे 972 घनमीटर. कोटा फरशी, प्लास्टर, काचेच्या खिडक्या. शोषणाचा सरासरी गुणांक (पडलेल्या आवाजाचा किती भाग पृष्ठभाग गिळतो) 0.03 धरला तर सेबाइनच्या सूत्राने (0.161 गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण) आवाज विरायला सात सेकंदांहून जास्त लागतात. भाषणाला एक सेकंदाच्या आसपास हवा. सगळ्या छताला 0.6 गुणांकाच्या मिनरल फायबर टाइल्स लावल्या की कागदावर 1.1 सेकंद येतो, आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

पण हे सूत्र शोषण चहूकडे सारखं पसरलेलं आहे असं धरून चालतं. इथे सगळं शोषण छतात आणि समोरासमोरच्या भिंती कोऱ्या. संगणकावर आवाजाचे किरण सोडून ते कुठे आपटतात याचा हिशेब केला तर आवाज या दोन भिंतींमध्ये आडवा धावत राहतो, छताकडे फारसा जातच नाही. एका भिंतीजवळ टाळी वाजवली तर जाऊन-येऊन 24 मीटर, म्हणजे दर 70 मिलिसेकंदांनी एक ठोका. आवाज विरण्याच्या आलेखावर हे बारीक दात दिसतात. हेडफोनवर चक्क फडफड ऐकू येते. ट्रस्टींना आलेख दाखवून उपयोग नसतो, फडफड मात्र लगेच पटते.

हॉलचं 3डी मॉडेल स्केचअपमध्ये केलं तरी चालतं, पण ते आर्किटेक्चरचं मॉडेल नको. 1000 हर्ट्झला तरंगलांबी 34 सेंटिमीटर असते. त्याहून लहान पट्ट्या, ग्रिल, पंखे काढून टाकायचे. कुठे फट राहिली तर किरण बाहेर निसटतात आणि हॉल आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. साहित्याचे आकडे 125 ते 4000 हर्ट्झपर्यंत, फ्रीक्वेन्सीच्या प्रत्येक पट्ट्याला वेगळे भरायचे. कॅटलॉगमधला एनआरसी (शोषणाचा एकच आकडा) हा 250 ते 2000 ची सरासरी आहे. 125 ला टाइल काय करते ते तो सांगत नाही. विखुरण्याचा गुणांक (परतणाऱ्या आवाजाचा किती भाग इकडेतिकडे पसरतो) साध्या भिंतीला 0.05 ते 0.1, खुर्च्यांच्या भागाला 0.6 च्या पुढे. वक्त्याचं तोंड 1.5 मीटरवर, बसलेल्याचा कान 1.2 मीटरवर. गणनेला ओडिऑन किंवा कॅट हे सॉफ्टवेअर चालतं. राइनो हे 3डी सॉफ्टवेअर असेल तर त्याला जोडायचं पॅकिडर्म फुकट आहे.

ऐकवण्यासाठी प्रतिध्वनी नसलेलं कोरडं रेकॉर्डिंग लागतं; सॉफ्टवेअर त्यावर हॉलचं घुमणं चढवतं. प्रयोगशाळा नसेल तर गाद्या लावलेल्या छोट्या खोलीत, माइक तोंडाजवळ धरून मराठी भाषणच रेकॉर्ड करा. वेगवेगळ्या जागांच्या फाइल्स बनवताना सॉफ्टवेअर प्रत्येक फाइलचा आवाज आपोआप एकाच पातळीवर आणतं. ते बंद करा, नाहीतर मागच्या रांगेत आवाज पडतो हे कळतच नाही.

आणि कूलर! मे महिन्यात इथला हॉल डेझर्ट कूलरशिवाय चालत नाही, आणि मोठा कूलर सहज 60 डेसिबलच्या पुढे जातो. त्याचा आवाज योग्य पातळीवर मिसळला नाही तर ऐकवलेला हॉल खोटा. तो मिसळल्यावर मागच्या रांगेत शब्दांतली व्यंजनं बुडाली, तेव्हा कूलर बाहेर काढून डक्टने हवा आत घ्यायचा निर्णय सोपा झाला.

फडफडीवर उपाय स्वस्त निघाला: एकाच लांब भिंतीवर, 1 ते 2.5 मीटर उंचीच्या पट्ट्यात, कापड चढवलेलं 50 मिलिमीटर रॉकवूल, मागे 50 मिलिमीटर मोकळी जागा.

हेच सॉफ्टवेअर 36 घनमीटरच्या मीटिंग रूमला लावू नका. या हॉलमध्ये किरणांचा हिशेब 70 हर्ट्झच्या आसपासपासून चालतो; छोट्या खोलीत 250 च्या खाली तो भरवशाचा नाही, आणि पुरुषी आवाजाचा पाया त्याच्या खालीच असतो.