तुम्ही विचारलंत म्हणून: गुडघे झिजलेत, मग चालू की नको?

मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हटलं की हा प्रश्न येतोच, की एक्स-रेमधे गुडघ्याच्या हाडांमधली गॅप कमी झालीय म्हणाले, आता चाललं तर उरलंसुरलंही झिजेल ना, त्यापेक्षा बसून राहिलेलं बरं.

नाही हो, बसून नका राहू, अगदी कळकळीने सांगतेय. हाडांच्या टोकांवर जी कूर्चा, म्हणजे गुळगुळीत गादी, असते तिला स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात, तिचं पोषण होतं सांध्यातल्या द्रवातून, आणि तो द्रव तिच्यात नीट झिरपतो तो सांध्यावर दाब पडला-सुटला की, म्हणजे हालचालीनेच. शिवाय बसून बसून मांडीचा पुढचा स्नायू बारीक होतो, मग सगळा भार सांध्यावर येतो, अजून दुखतं, म्हणून माणूस अजून बसतो. हे मी इतक्या जणांचं बघितलंय की जीव तुटतो.

आणि एक्स-रेवरून दुखणं ठरत नाही. फिल्म बघून वाटतं ह्यांना उभं राहता येत असेल का, आणि ते आरामात जिना चढून आलेले असतात!

करायचं काय, तर खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून थोडा वेळ धरायचा, हाताचा टेकू न घेता खुर्चीतून उठबस करायची, झेपेल तेवढं चालायचं. सुरुवातीला थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीइतकं झालं तर ठीक चाललंय, नाही झालं तर कमी करा, पण बंद नको, आणि निदान दोन-तीन महिने तरी द्या त्याला. वजन जास्त असेल तर 1 किलो उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होतो, म्हणून थोडंसं उतरलं तरी मला फार आनंद होतो.

काठी घ्यायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, बरेच जण उलटी धरतात. डायक्लोफिनॅक ह्या दुखणं कमी करणाऱ्या औषधाचं जेल गुडघ्याला चांगलं लागू पडतं, पोटात घ्यायच्या पेनकिलर मात्र मनाने रोज घेऊ नका, किडनी आणि पोट दोन्हीला त्रास होतो. सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका असंच मी सांगते.

सकाळचा ताठरपणा तासभर सुटत नसेल तर ही झीज नसून दुसऱ्या प्रकारचा संधिवातही असू शकतो, तपासून घ्या. आणि गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.