दंडातला बेडूक

पुतणी अंबाजोगाईला एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत परभणीला आली की जेवता जेवता घरादाराची हाडं मोजते. परवा ताटावरच म्हणाली, "काका, मसल म्हणजे काय माहितंय का? उंदराचं पिल्लू!"

मला वाटलं, मेसच्या भाजीबद्दल बोलतीय. तसं नव्हतं. लॅटिनमध्ये मूस म्हणजे उंदीर, छोटा असला की मुस्कुलुस. त्याचंच इंग्रजीत मसल झालं. जुन्या ग्रीकात तर उंदराला आणि स्नायूला शब्दच एक. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी पळतं, ते त्यांना उंदरासारखं दिसलं म्हणे. आपला मूषकही त्याच घराण्यातला. म्हणजे गणपतीचं वाहन आणि जिममधल्या पोरांचे मसल नात्यातले निघाले.

म्हटलं, "त्यांचा उंदीर, तर आपला बेडूक आहे की." ती बघतच राहिली. इंग्रजी शाळेतली पोरगी, बेडकुळी शब्द तिच्या कानावर पडलेलाच नव्हता.

आमच्या लहानपणी तालमीतले वस्ताद खुशीत असले की मूठ वळून दंड पुढं करायचे. तेलानं चकचकीत झालेला. त्यावरचा गोळा आम्ही अंगठ्यानं दाबायचो आणि तो सटकन बाजूला व्हायचा, ओला बेडूक मुठीतून निसटावा तसा. उंदीर म्हणणाऱ्यांनी दाबून पाहिलं नसावं.

शिवाय उंदराचं आम्हाला काय कौतुक? तो कणगीतली ज्वारी खातो. बेडकाची मात्र वाट पाहावी लागते. मृग कोरडा गेला की अंगाला लिंबाचा पाला गुंडाळलेली पोरं बेडूक बांधून दारोदार फिरायची, "धोंडी धोंडी पाणी दे" म्हणत. आया वरून तांब्याभर पाणी ओतायच्या.

पुस्तकातला 'स्नायू' हाही तसा उसनाच. सुश्रुतानं पेशी ५०० आणि स्नायू ९०० मोजले. त्याच्याकडं मांसाची ती पेशी, आणि बांधून ठेवणारे दोर ते स्नायू. आपण स्नायूला मांस केलं, पेशीला सेल.

"तुमची दाखवा की बेडकुळी," पुतणी म्हणाली.

मी बाही वर सारली, मूठ आवळली, श्वासही रोखून धरला. तिनं बोटानं दोनदा चाचपलं.

"काका, उन्हाळाय ना. जमिनीखाली गेला असंल."