काळ्या मातीत ऑल-टेरेन टायर: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात डांबरी रस्ता संपल्यावर वावरापर्यंत अडीच किलोमीटरची पांदण लागते. पण माझ्या पिकअपचे दोन टायर एकाच हंगामात निकामी झाले ते पांदणीच्या चिखलामुळे नव्हे, तर तूर कापल्यावर जमिनीत उभ्या राहिलेल्या खुंटांमुळे. तिरपी कापलेली तुराटी टोकदार असते आणि ती नक्षीत, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या खाचांच्या जाड भागात, न घुसता टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीत घुसते. पंक्चर काढणाऱ्या काकांनी दोन्ही वेळा एकच सांगितले, "भाऊ, साइड फाटली का टायर गेला समजा." ते खरेच होते, कारण चालताना सतत दबणाऱ्या त्या भागावर लावलेले ठिगळ भरवशाचे नसते.

म्हणून नवे टायर घेताना मी नक्षीच्या आधी बाजूची भिंत पाहिली. दुकानदार मोठ्या बटणांचे मड-टेरेन टायर दाखवत होते. चिखलात ते सरस असतात, पण माझी बहुतेक धाव डांबरावर होते आणि तेथे हे टायर आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी देतात. मी जाड भिंतीचे ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे, टायर निवडले आणि माप गाडीसोबत आलेले २३५/७५ आर १५ हेच ठेवले. मापानंतरचा आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि माझ्या मते ती मोठी चूक आहे. तेथे १०५ असेल तर एक टायर ९२५ किलो वजन पेलतो, १०९ असेल तर १०३० किलो. डीएपी खताच्या ५० किलोच्या २० बॅगा भरल्या की टनभर ओझ्याचा बहुतांश भार मागच्या दोन टायरांवर येतो, म्हणून मी १०९ चाच आग्रह धरला. उत्पादनाचा चार आकडी कोडही स्टेपनीसह पाचही टायरांवर वाचला. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. एक टायर इतरांपेक्षा दोन वर्षे जुना निघाला, तो मी तेथेच बदलून घेतला.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मात्र गाडी पांदणीत रुतली. काळी माती पाणी शोषून फुगते आणि इतकी चिकट होते की चाकाच्या थोड्याच फेऱ्यांत नक्षीच्या खाचा बुजून टायर गुळगुळीत होतो. ऑल-टेरेन टायर हे ओल्या काळ्या मातीवरचे उत्तर नाही, ही गोष्ट विकत घेण्यापूर्वी मला कोणीतरी सांगायला हवी होती. माझ्या गाडीची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते आणि रिकाम्या हौद्यामुळे ती चाके हलकी पडतात. म्हणून आता पावसाळ्यात मी मागच्या धुरीवर येतील अशा रेतीच्या चार गोण्या ठेवतो आणि पांदणीच्या तोंडाशी हवा ३५ पीएसआयवरून (हवेच्या दाबाचे माप) २२ वर आणतो. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि पकड वाढते. परंतु त्याच वेळी त्याची भिंत बाहेर फुगते, म्हणजे खुंटांना ती आयतीच सापडते. त्यामुळे तुरीच्या वावरात किंवा गाडी भरलेली असताना मी हवा कधीही कमी करत नाही, आणि डांबरावर येताच छोट्या कॉम्प्रेसरने ती पूर्ववत करतो.

उन्हाळ्यात काळजी उलट असते. मे महिन्यात पांढरकवड्याकडे माल घेऊन जाताना तापलेल्या टायरमधील हवा वाढलेली दिसते, पण ती सोडू नये. सोडल्यास टायर अधिक दबतो आणि आणखी तापतो. मी हवा पहाटे, टायर थंड असतानाच मोजतो.

एकदा साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले आणि बॅलन्सिंग बिघडले असे समजून मी दुकानात गेलो, तर रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीचा वाळलेला थर निघाला. तेव्हापासून पांदणीतून परतल्यावर मी चाके आतूनही धुतो आणि त्याच वेळी बाजूच्या भिंतींवरून हात फिरवून कुठे चीर पडली आहे का ते पाहतो.