मोजूनमापून मांडलेला देश : मॉरिशस

माएबूरजवळच्या विमानतळावरून पोर्ट लुई या राजधानीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाचे फड लागतात आणि त्या फडांच्या मधोमध काळ्या दगडांचे, दुमजली घराइतके उंच ढीग दिसू लागतात. हे बेट सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून समुद्रावर आले आणि त्याची जमीन बेसाल्टच्या धोंड्यांनी भरलेली होती. ऊस लावायचा तर आधी धोंडे वेचणे भागच होते. आफ्रिका आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्यानंतर आलेल्या भारतीय मजुरांनी ते हातांनी उपसून शेताच्या मध्यावर रचले. मॉरिशसच्या जाहिरातींत निळे पाणी आणि पांढरी वाळू असते, हे ढीग नसतात. मला मात्र या देशाची खरी ओळख त्यांच्यापासून सुरू होते असे वाटले.

मुख्य बेट जेमतेम 1,865 चौरस किलोमीटरचे असून ते मादागास्करच्या पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर आहे. सकाळी एका किनाऱ्यावरून निघालेला माणूस रमतगमत गेला तरी दुपारी दुसऱ्या किनाऱ्यावर जेवायला बसू शकतो. पण तेवढ्या अंतरात हवा दोनदा बदलते. आग्नेयेकडून येणारे बाष्पाने भरलेले वारे मधल्या पठारावर अडतात, त्यामुळे क्युरपीप हे पठारावरचे शहर बहुतेक वेळ ढगांत असते. मी तिथल्या त्रू ओ सेर या विझलेल्या ज्वालामुखीच्या काठावर उभी होते तेव्हा भुरभुर पाऊस आणि अंगावर शहारे होते, आणि तासाभरात पश्चिम किनाऱ्यावर उतरल्यावर कोरडे रखरखीत ऊन होते. सर्वांत उंच शिखर 828 मीटरचे, म्हणजे फार उंच नव्हे, तरी समुद्रातून थेट उठल्यासारखे वाटणारे इथले सुळके उंचीपेक्षा मोठे दिसतात. बेटाभोवती प्रवाळांचे कडे जवळजवळ सलग आहे आणि आतल्या उथळ पाण्याचे शांतपण ही त्याचीच देणगी आहे. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री येथे हे कडे तुटते. तिथे लाटा काळ्या उभ्या खडकांवर सरळ आदळतात आणि या बेटाच्या दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत पाण्याशिवाय फारसे काही नाही, हे कानांनाच कळते.

घरे पाहिली तर बहुतेक काँक्रीटची, सपाट गच्चीची. फेब्रुवारी 1960 मध्ये कॅरोल नावाच्या चक्रीवादळाने लाकडाची, पत्र्याची आणि गवताची घरे हजारोंनी भुईसपाट केली, आणि त्यानंतर देशाने काँक्रीटचा आसरा घेतला. देखणेपणाचे नुकसान झाले असेल, पण नोव्हेंबर ते एप्रिल वादळांच्या छायेत काढणाऱ्या माणसांना त्याचे फारसे सोयरसुतक नसावे.

या देशात मूळ रहिवासी असा कोणी नाही. अरब खलाशांना आणि पोर्तुगिजांना बेट ठाऊक होते, पण वस्ती कोणीच केली नव्हती. 1598 मध्ये आलेल्या डचांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव त्याला दिले, ऊस आणला, डोडो पक्षी नामशेष होण्यास हातभार लावला आणि 1710 मध्ये ते बेट सोडून निघून गेले. पाच वर्षांनी फ्रेंच आले. 1735 मध्ये आलेल्या माहे दला बूर्दोने या गव्हर्नरने पोर्ट लुईला बंदराचे रूप दिले. डिसेंबर 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या करारातच रहिवाशांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे मान्य केले. त्या एका कलमाचा परिणाम आजही पावलोपावली दिसतो: दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आहे, जरी न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि अखेरचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या न्यायसंस्थेकडे जाते. राज्यकर्ते बदलले, साखरमळ्यांचे मालक मात्र बरेचसे तेच राहिले.

1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली. त्याच्या आदल्याच वर्षी, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, भारतीय गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या, मजुरांची पहिली तुकडी आली होती. हे दोन्ही दिवस आज राष्ट्रीय सुट्टीचे आहेत. पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट, जिथे मजुरांची नोंद होत असे, 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे पाहण्यासारखे म्हणाल तर थोडेच उरले आहे: काही दगडी भिंती, स्वयंपाकघराची आणि दवाखान्याची जागा, आणि पाण्याच्या बाजूने वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. पायऱ्या अगदी साध्या, काळ्या दगडाच्या. सुमारे साडेचार लाख माणसे भारतातून या बेटावर आली आणि त्यांतील पुष्कळांचे नव्या देशातले पहिले पाऊल याच जागी पडले. आज त्यांच्या वंशजांचे लोकसंख्येतील प्रमाण दोन तृतीयांशांच्या आसपास आहे; एकूण लोकसंख्या मात्र साडेबारा लाखांच्या घरात आहे.

बिहार आणि तमिळ प्रदेशातल्या लोकांबरोबर मुंबई बंदरातून कोकणातली माणसेही इथे आली. त्यांचे वंशज संख्येने थोडे आहेत आणि पश्चिमेकडच्या कास्काव्हेलसारख्या गावांत त्यांची जुनी वस्ती आहे. घरात मराठी बोलणारे आता फार राहिलेले नाहीत, पण शाळांत मराठी हा विषय आहे, कोकणातल्या जाखडीचे इथले रूप असलेले झाकरी नृत्य सणावारी होते, आणि गणेश चतुर्थीला सबंध देशाला सुट्टी असते. पुष्कळांची आडनावे म्हणजे पणजोबांचे पाळण्यातले नाव. एका आजींनी देवघरातला गणपती मला दाखवला आणि बोलणे सगळे क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचमधून घडलेल्या इथल्या बोलीत, झाले. आरती मात्र त्यांना तोंडपाठ होती.

भाषांचा संसार इथे खरोखरच अजब आहे. बाजारात, बसमध्ये आणि घरात क्रिओल, वर्तमानपत्रांत फ्रेंच, शाळेच्या पुस्तकांत आणि संसदेच्या कागदपत्रांत इंग्रजी, आणि प्रार्थनेला पूर्वजांची भाषा. पोर्ट लुईच्या बाजारात ढोलपुरीच्या गाडीवर मी रांगेत उभी होते. डाळ भरलेल्या पातळ पोळ्या विक्रेता जोडीने उचलतो, त्यांवर घेवड्याची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि चटणी ओततो आणि कागदात गुंडाळून देतो. माझ्या पुढच्या तीन गिऱ्हाइकांत एक चिनी वंशाची बाई, एक आफ्रिकी चेहऱ्याचा पोलीस आणि एक टोपी घातलेले मुसलमान गृहस्थ होते, आणि सगळ्यांची मागणी एकाच क्रिओलमध्ये चालली होती.

पैसे देताना हातातल्या नोटांकडे मी पहिल्यांदा नीट पाहिले. पंचवीस रुपयांवर चिनी वंशाचे आ-शुएन, पन्नासवर फ्रेंच वंशाचे पातुरो, शंभरवर तमिळ वंशाचे सीनीवासन, दोनशेवर मुसलमानांचे नेते अब्दुल रझाक मोहमद, पाचशेवर हिंदू नेते सुकदेव बिसुनदयाल, हजारावर आफ्रिकी आणि मिश्र वंशाच्या क्रिओल समाजाचे गाएतां द्युव्हाल आणि दोन हजारांवर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. यांपैकी द्युव्हाल हे स्वातंत्र्याच्या विरोधात उभे राहिलेल्या पक्षाचे पुढारी होते, आणि 1967 च्या निवडणुकीत त्या पक्षाला सुमारे 44 टक्के मते पडली होती. तरीही ते नोटेवर आहेत. 1998 मध्ये छापलेल्या नोटांवर आधी हिंदीच्या वर असलेला तमिळ मजकूर तिच्या खाली गेला, तेव्हा तमिळ समाज रस्त्यावर उतरला आणि सरकारला त्या नोटा मागे घेऊन नव्या छापाव्या लागल्या. वरवर पाहता हा प्रसंग हास्यास्पद आहे. मला तो तसा वाटला नाही. जिथे प्रत्येकजण बाहेरून आलेला आहे तिथे आपली जागा कोणत्या ओळीत आहे, हा प्रश्न शोभेचा उरत नाही.

राज्यव्यवस्थाही याच मापाने मांडलेली आहे. 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला आणि 1992 च्या त्याच तारखेला प्रजासत्ताक झाला. राष्ट्राध्यक्षांना संसद निवडते, खरी सत्ता पंतप्रधानांकडे असते, आणि देशाला सैन्य नाही; पोलिसांचेच एक विशेष दल ती जबाबदारी सांभाळते. मुख्य बेटाचे वीस मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन सदस्य निवडले जातात आणि पूर्वेकडचे रॉड्रिग्ज बेट आणखी दोन पाठवते, असे बासष्ट. प्रत्येक मतदाराला तिन्ही मते द्यावीच लागतात. या पद्धतीत लाट आली की विरोधी पक्ष पुसला जातो: 1982, 1995 आणि 2024 मध्ये मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीला मिळाल्या.

म्हणूनच संविधानात आणखी आठ जागा राखून ठेवल्या आहेत. पराभूत उमेदवारांपैकी उत्तम मते मिळवलेल्यांना त्या दिल्या जातात, आणि त्या देताना हिंदू, मुसलमान, चिनी आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या चार गटांपैकी कोणाचे प्रतिनिधित्व कमी पडले हे पाहिले जाते. जीवनपद्धतीवरून जो पहिल्या तिघांत बसत नाही तो चौथ्यात, अशी ही व्याख्या. अडचण अशी, की जनगणनेत समाजवार मोजणी 1972 नंतर झालेलीच नाही, त्यामुळे आजचे वाटप अर्ध्या शतकापूर्वीच्या आकड्यांवर चालते. ही व्यवस्था अल्पसंख्याकांना धीर देते असे तिचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. फेब्रुवारी 1999 मध्ये काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावल्यानंतर उसळलेल्या दंगलींनी इथली शांतता किती जपून ठेवावी लागते हे दाखवले होते. पण आपला गट जाहीर करण्यास नकार देणारे उमेदवारही उभे राहू लागले, त्यांचे अर्ज बाद झाले, आणि प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले. समितीने 2012 मध्ये त्यांच्या बाजूने मत दिल्यावर 2014 च्या निवडणुकीपुरती सक्ती उठवण्यात आली. गट न सांगणाऱ्याला निवडणूक लढवता आली, मात्र त्या आठ जागांवरचा हक्क त्याला सोडावा लागला.