म्यूटचं बटण

दुपारी सहज ‘अँग्री व्हिडिओ गेम नर्ड’ या यूट्यूब मालिकेचा पहिला भाग लावला. त्यात जेम्स रोल्फ हा अमेरिकन चिडका ‘नर्ड’ बनून जुन्या व्हिडिओ गेमवर तोंडसुख घेतो. त्याने २००४ मध्ये हा भाग गंमत म्हणून काढला आणि २००६ मध्ये यूट्यूबवर टाकला. ‘कॅसलव्हेनिया २’ या गेमला शिव्यांची लाखोली, बाकी काही नाही. मला हे सगळे भाग पाठ आहेत अशी माझी समजूत. तर अर्धे विनोद आज पहिल्यांदाच ऐकले!

त्याचं असं, की आम्ही ते दादाच्या कॉम्प्युटरवर बघायचो आणि आई पलीकडच्याच खोलीत असायची. दादाचं एक बोट कायम म्यूटवर. शिवी येण्याआधी बरोब्बर अर्धा सेकंद तो बटण दाबायचा. पडद्यावर नर्डचे गाल थरथरायचे, बिअरची बाटली वर जायची, आवाज शून्य. आणि आम्ही उशीत तोंड खुपसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचो. कशाला? तिथे काहीतरी जबरदस्त असणार, या भरवशावर.

आज त्या जागा भरल्या. बहुतेक ठिकाणी हगण्याचेच दाखले निघाले.

पुतणी शेजारी येऊन बसली. ही रोज एका बाईला गेममध्ये गाजरं लावताना तीन-तीन तास बघते. ती बाई कुजबुजत बोलते आणि कोंबडी मेली तरी ‘सॉरी’ म्हणते. दोन मिनिटं बघून पुतणी म्हणाली, “काका, एवढा राग येतो तर गेम बंद कर म्हणावं ना त्याला.”

यावर काय बोलणार?

ब्रिटनच्या चॅनल फोरवर १९९२ ते १९९८ ‘गेम्समास्टर’ हा व्हिडिओ गेमचा कार्यक्रम लागायचा. पडद्यावर खगोलविद पॅट्रिक मूर यांचं गंभीर मुंडकं तरंगायचं आणि निवेदक डॉमिनिक डायमंड साळसूद चेहऱ्याने द्व्यर्थी बोलत सुटायचा, तेही पोरांच्या कार्यक्रमात. तिथे म्यूटची गरजच नव्हती. आयांना कळलं असेल, तरी कळलंय असं दाखवायची सोय नव्हती. ही खरी कलाकुसर, असं माझं मत. नर्डकडे ती नव्हती. ती दादाच्या बोटात होती.

पुतणी गाजरांकडे परत गेली. घरात आता ऐकायला कुणी नव्हतं. तरी पुढचा भाग लावला आणि बोट म्यूटवर ठेवलं. दर वेळी शिवी आधी सुटायची, बटण मागून.

दादाला फोन करावा म्हटलं. तो मीटिंगमध्ये होता.