आयएनएस तरासा १:५०, अपडेट ३: जेट अखेर पाण्यात

मंडळी, दीड महिना काहीच टाकलं नाही कारण सगळा वेळ पाणी फेकून बोट ढकलणाऱ्या जेटमधेच गेला, पण रविवारी मामाच्या शेततळ्यात माझं तरासाचं रिमोटवरचं मॉडेल, म्हणजे खऱ्या नौकेची पन्नासावा भाग लहान प्रतिकृती, पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर पळालं आणि काय सांगू, काठावर उभं राहून अंगावर काटा आला.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. कार निकोबार क्लासच्या, म्हणजे त्या जातीच्या वेगवान गस्ती बोटींच्या, पुढच्या ज्या चार बोटी कोलकात्याच्या जीआरएसई या जहाज कारखान्याने बांधल्या त्यातली ही शेवटची, २६ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत नेव्हीत दाखल झाली. याच नावाची आधीची बोट २००१ ते २०१४ आपल्याकडे होती, मग ती सेशेल्सला दिली. खरी बोट साधारण ५० मीटर, म्हणजे आपली १ मीटर. वजन मात्र ५० च्या घनाने उतरतं, तीनशेच्या वर टन भागिले सव्वा लाख, म्हणजे जेमतेम अडीच किलो, आणि त्यात हल (बोटीचं अंग), तीन मोटर, बॅटरी सगळं आलं.

या बोटीची खरी मजा तिच्या बुडाखाली आहे. पंखा नाही, सुकाणू नाही. तळातून पाणी आत ओढायचं आणि मागच्या नळीतून जोरात फेकायचं, अशी तीन जेट, म्हणून ती किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातही बिनधास्त जाते आणि ३५ नॉटला पोचते. रिव्हर्ससाठी मोटर उलटी फिरवायची नसते, नळीवर बादलीसारखं झाकण खाली येतं आणि तेच पाणी पुढे वळतं. ती झाकणं मी ०.३ मिमीच्या पितळी पत्र्याची केलीत, बिजागरीला स्टेपलरची पिन. बाहेरची दोन जेट वळतात, मधलं फिक्स ठेवलंय.

पहिल्या ट्रायलला सरळ मस्त गेली पण वळवली की कलायची, वर आलेल्या बाजूचं जेट हवा ओढायचं आणि मोटर एकदम किंचाळायची, जोर गायब. आधी वाटलं इम्पेलर, म्हणजे जेटमधलं पाणी ढकलणारं चाकच चुकलंय म्हणून दोन वेळा नवीन प्रिंट काढले, फरक शून्य. मग लक्षात आलं की लिपो बॅटरी मी डेकखालच्या प्लायच्या फळीवर ठेवली होती, वजन सगळं वर. ती पार कीलवर, म्हणजे तळाच्या कण्यावर उतरवली, जेट वळवणाऱ्या छोट्या मोटर (सर्वो) खाली घेतल्या आणि पाणी घ्यायच्या तोंडाची धारदार कड पॉलिश पेपरने गोल केली. आता दोन बोटींच्या लांबीत पूर्ण गोल फिरते आणि एक जेट पुढे, एक रिव्हर्स केलं की जागच्या जागी वळते!! हे मी सात-आठ वेळा केलं, भाचा म्हणाला परत, परत.

स्केल स्पीड काढायला ५० चं वर्गमूळ धरायचं, म्हणजे ३५ नॉटचे इथे ताशी ९ किमीच्या आसपास होतात. मी अजून पूर्ण थ्रॉटल दिलेला नाही, आधी शाफ्टचं सील बघायचंय, वीस मिनिटांत चमचाभर पाणी आत आलं होतं.

पुढचं काम पुढची ३० मिमी सीआरएन-९१ गन. ३० भागिले ५० म्हणजे ०.६ मिमीचं भोक, आणि २० गेजच्या इंजेक्शनच्या सुईचं आतलं माप जवळपास तेवढंच भरतं, त्यामुळे बॅरल मिळाली. टरेट, म्हणजे गनचा फिरता बुरूज, प्लास्टिक शीटचा करतोय. व्हीलहाउसच्या (बोट चालवायच्या खोलीच्या) मागच्या डेकचे वरून काढलेले, कुठे छापून आलेले स्पष्ट फोटो कोणाकडे असतील तर नक्की दाखवा, तिथलं रेलिंग माझ्याकडच्या एकाही फोटोत नीट दिसत नाहीये.